दादा मनावरच घेत नाही

‘शेजारचे काका त्याच गोळीने महिनाभरात हिंडाफिरायला लागले. दादा मनावरच घेत नाही.’ आत्या हे बाबांच्या समोर बोलली, चहा पिता पिता. ते मला आजही सलतं.

आई गेली आणि वर्षभरात बाबांची झोप, जेवण, पेपर सगळं सुटलं. कल्याणच्या लोको शेडमध्ये जन्म गेलेला माणूस. डोंबिवलीच्या घरात दिवसभर खुर्चीत, दाढी वाढलेली. ‘वय झालं की असंच’ हे ऐकण्यात बरेच महिने गेले. शेवटी ठाण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, तर आत्या हबकलीच, ‘ठाण्याला नेतेस त्याला?’ 1901 पासून तिथे मनोरुग्णालय आहे. तिच्या पिढीला ठाणं म्हटलं की तेच आठवतं.

नैराश्यावरची एस्सिटालोप्रामची गोळी सुरू झाली, आधी 5 मिलिग्रॅम, मग 10. या वयात गुण यायला दीड-दोन महिनेही लागतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरी येणाऱ्याला कुठला दम! काकांना गुण आला, बाबांना नाही, म्हणजे दोष बाबांचाच. फडके रोडला चक्कर मारत जा. गणपतीच्या देवळात जाऊन बस. आम्ही नाही का एकटे राहिलो? नातवंडांकडे बघून तरी ऊठ. बाबा प्रत्येकाला मान डोलावून ‘हो’ म्हणायचे. ज्याला आंघोळीला उठणंही जड जातंय, त्याला इच्छाशक्तीचे धडे! एका रात्री मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘मी मुद्दाम नाही गं करत.’

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. वर्तुळ नेटकं आलं, पण बारा आकडे उजव्या अर्ध्यातच दाटीवाटीने बसले आणि काटे कुठे काढायचे ते सुचेना. घड्याळावर आयुष्य काढलेला माणूस! मला बघवेना. एमआरआयच्या रिपोर्टात ‘वयोमानानुसार बदल’ एवढंच होतं. स्कॅनमध्ये जे पांढरे ठिपके दिसत होते, ते काय असतात हे डॉक्टरांनी समजावलं. बारीक रक्तवाहिन्या झिजल्या की मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू दुबळे होतात. कामाला सुरुवात करणारा, घोळणाऱ्या विचारांना आवर घालणारा पुढचा भाग आणि भावनांशी निगडित खोलवरचे भाग यांच्यातला निरोप नीट पोचत नाही. अशांना नेहमीच्या गोळ्यांचा गुण कमी किंवा उशिरा येण्याची शक्यता जास्त. जॉर्ज अलेक्झोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 सालीच रक्तवाहिन्यांशी निगडित नैराश्याची ही कल्पना मांडली होती. बाबा एकदम म्हणाले, ‘म्हणजे इंजिन ठीक आहे, केबल गेलीय.’

मला केवढं हायसं वाटलं! पण रात्री तीच केबल छातीवर बसली. इच्छाशक्तीचा दोष निदान सुधारता तरी येतो. झिजलेल्या तंतूंचं काय करायचं? डॉक्टर म्हणाले, ठिपके असूनही बरी होणारी माणसं असतात. मेंदूतल्या जोडण्या तपासून कुणाला कुठली गोळी लागू पडेल हे शोधण्याचं काम जगभर चालू आहे, पण अजून स्कॅन बघून एखाद्या रुग्णाची गोळी ठरवता येत नाही. त्यामुळे त्यासाठी कुणी महागडा स्कॅन सुचवला तर आधी चार प्रश्न विचारा. त्यापेक्षा रक्तातलं सोडियम तपासा. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं आणि मग गोंधळ, तोल जाणं सुरू होतं. आणि कुणाच्या सांगण्यावरून गोळी एकदम बंद करू नका.

गोळी बदलली. शिवाय रोज एकच काम, तेही पायऱ्या पाडून कागदावर लिहायचं: पिशवी घे, पैसे मोज, खाली जा, कोथिंबीर आण. कोथिंबीर येऊ लागली. काही सकाळी मात्र अजूनही बाबा उठत नाहीत.

आणि ज्या आत्यावर माझा एवढा राग, ती आली की तेच बाबा उठून बसतात, आईचा विषयही तिच्याजवळच काढतात. मला ते जमलेलं नाही. तरी तिचं ते वाक्य मी माफ केलेलं नाही. आता डॉक्टर दुसऱ्या औषधाची जोड द्यायची म्हणताहेत. सोडियमचा रिपोर्ट मंगळवारी मिळेल, मग ठरेल.