चाँद आणि मृग

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हटलं की आमच्यापुढे मांजरा, बिंदुसरा, नाहीतर टँकर. तरीही समुद्रातल्या किड्यांविषयी लिहितो आहे, कारण त्यांची गोष्ट मला आमच्याच घरातली वाटते.

इंडोनेशियात लोंबोक नावाचं बेट आहे. तिथले सासक लोक बहुतेक सगळे मुसलमान. त्यांच्या पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या विसाव्या तारखेला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दक्षिण किनाऱ्यावर पहाटेआधीच माणसांची गर्दी होते. गांडुळाच्या जातकुळीतले, पण दोऱ्यासारखे बारीक, हिरवे-तपकिरी किडे समुद्रातून वर येतात. त्यांना 'न्याले' म्हणतात. बायका-पोरं पाण्यात उतरून जाळ्यांनी ते गोळा करतात, रांधून खातात, भाताच्या शेतातही टाकतात. न्याले भरपूर आले की पीक भरपूर, असा त्यांचा समज. लोककथा अशी, की मंडालिका नावाच्या राजकन्येला अनेक राजपुत्रांनी मागणी घातली. एकाला हो म्हटलं तर बाकीचे लढणार आणि रयत मरणार. म्हणून तिने समुद्रात उडी घेतली. हे किडे म्हणजे तिचे केस.

(आपल्या हनफी घरांत मासळीपलीकडे समुद्रातलं काही ताटात येत नाही. सासक लोक शाफई, कोकणातल्या आपल्या भावांसारखे. त्यामुळे त्यांची वाट जरा मोकळी.)

पॅसिफिक महासागरातल्या सामोआमध्ये न्यालेचाच भाऊबंद आहे, 'पलोलो'. तो वर येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पौर्णिमेनंतर साधारण आठवड्याने. एरवी हा किडा प्रवाळाच्या खडकात बिळ करून राहतो. दिवस भरले की त्याचा मागचा भाग अंड्यांनी किंवा वीर्याने भरतो, तुटून सुटा होतो आणि पोहत वर जातो. डोकं मागे बिळातच राहतं आणि नवी शेपूट वाढवतं. वर आलेले तुकडे फुटतात, अंडी-वीर्य पाण्यात मिसळतं. एकटाच वर आला तर सगळं वाया. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी निघायचं. ती वेळ ते चंद्रावरून साधतात.

आमच्या जिल्ह्यातलं निम्मं गाव दसरा-दिवाळीच्या सुमारास असंच सुटं होऊन निघतं. कोयते घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. म्हातारी माणसं घर धरून मागे राहतात.

पण मला खरा विचार करायला लावलं ते सासक लोकांच्या पंचांगाने. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. न्याले मात्र ऋतू सोडत नाहीत. म्हणून रोजे-ईद हिजरी चाँदवर आणि न्याले जुन्या पंचांगावर, असं ही माणसं दोन्ही सांभाळतात. त्या पंचांगाचं वर्ष कृत्तिकांच्या उगवण्यावरून धरतात. अरबीत त्याच चांदण्यांना सुरैया म्हणतात. न्यालेची पहाट ठरवायला गावोगावची जाणती माणसं बैठक घेतात. आपल्याकडे चाँद झाला की नाही यावरून काय होतं ते ठाऊक असल्यामुळे मला त्या बैठकीचं फार अप्रूप वाटतं.

आमच्या घरीही भिंतीवर दोन कॅलेंडरं असत. एक उर्दू, एक मराठी. रोजा, ईद, बारावफात उर्दूवर. पेरणी, कुळवणी, बैलपोळा मराठीवर. शिवाय जमिनीतून निघणारं तिसरं एक होतं. पहिला मोठा पाऊस झाला की बांधावर लाल मखमली किडे दिसत. गाव त्यांना मिरगाचा किडा म्हणे, दादी बीरबहूटी म्हणायची. वर्षभर मातीत असतात, पावसाने वर येतात, जोडी जमवतात, वाळवी खातात. "बीरबहूटी निकली क्या?" एवढं विचारून दादी बियाण्याचं गाठोडं सोडायची.

एकदा घरी आलेल्या एका पाहुण्याने अब्बांना टोकलं. मुसलमानाने नक्षत्र बघायचं नसतं, तारा पाऊस देतो असं म्हणायला हदीसमध्ये मनाई आहे. अब्बा फारसे शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "तारा पाऊस देतो असं मी कुठं म्हणतो? देणारा अल्लाह. कोणत्या दिवसांत देतो, तेवढं मी बघतो." चंद्राच्या कला माणसांना वेळ कळावी म्हणून आहेत, हे तर कुरआनातच आलं आहे. मग ताऱ्यांकडे वेळ विचारली तर काय बिघडलं? पाहुण्याला हे पटलं की नाही, कोण जाणे. चहा मात्र पूर्ण घेतला.

हा प्रश्न लहान नाही. मृग हुकला की मूग-उडीद हुकतात, आणि ते हुकले की हाती पैसा नसतो, घराला कोयता धरावा लागतो. २०२४ मध्ये रमजान मार्चात आला, तेव्हा फडातच रोजे धरणारी माणसं होती. वेळ चुकली की तिची किंमत कोण मोजतं, ते त्यांना विचारावं.

२०१६ साली दोन्ही कॅलेंडरं एकत्र आली. पहिला रोजा ७ जूनला, मृगही त्याच सुमारास. त्याआधीचा उन्हाळा असा, की शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मान्सून केरळातच ८ जूनला पोचला. मृग कोरडा चालला. सहरीला उठून अब्बा आधी आभाळ बघत, मग पाणी पीत. मधल्या अशऱ्यात एका रात्री पाऊस झाला. सकाळी पोरांनी तळहातावर बीरबहूटी आणून दाखवली. अब्बांनी ती परत मातीत सोडायला लावली आणि पाभर काढायला सांगितलं.