काखेंत कळसा

दिल्ली-आग्रा आमच्या कुटुंबानें पाहिलें आहे. जपानांतील क्योटोचीं वर्णनेंही घरांत आवडीनें वाचलीं जातात. जुन्या राजधानीचें नांव निघालें कीं, वृद्धांपासून मुलांपर्यंत सर्वांस प्रवासाची हौस येते. परंतु आम्ही कामरगांवकर मंडळी एका प्राचीन राजधानीस वर्षानुवर्षें जात होतों आणि ती राजधानी आहे, हेंच विसरलों होतों!

ती म्हणजे वाशीम, पूर्वींचें वत्सगुल्म. सन १९९८ मध्यें वाशीम जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून जमिनीच्या कामासाठीं तेथील कचेरीचे खेटे आमच्या कपाळीं आले. कागद हातीं पडला कीं पहिल्या मोटारीनें परत! यंदा मात्र केवळ गांव पाहण्यासाठीं, मुलाबाळांसह, कारंजा-मंगरूळपीरच्या वाटेनें आम्ही निघालों.

पद्मतीर्थ पाहिलें. भवानी काळू यांनीं अठराव्या शतकांत बांधविलेल्या बालाजीमंदिरांत दर्शन घेऊन क्षणभर टेकलों. इतक्यांत धाकट्या चिरंजीवांनीं विचारलें, "मोठेकाका, राजवाडा कुठें आहे?" आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. दाखवावयास राजवाडा नव्हता.

तेव्हां वडील बंधूंनीं मुलांस जवळ घेतलें. चौथ्या शतकांत वाकाटक सर्वसेनानें येथें गादी स्थापिली. तो स्वतः कवि होता. 'हरिविजय' हें प्राकृत काव्य त्याचें. पुढें याच वंशांतील हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशिमासच सांपडला. त्यांत वंशावळ संस्कृतांत आहे, पण दानाचा तपशील प्राकृतांत. दान तरी कशाचें? नांदेडकडील एका गांवाचें!

"म्हणजे राजाचाही जमिनीचाच कागद!" चिरंजीव उद्गारले. आम्ही सारे हंसलों. पण मनांतून थोडे खजीलही झालों. ज्या प्राकृतांत तो तपशील कोरला, तिच्याच कुळांत आपली मराठी जन्मली. ज्या नगरींत हें घडलें, तिच्या नांवानें आमच्या कपाळास आजवर आठ्या पडत होत्या.

परततांना चिरंजीव म्हणाले, "पुढच्या खेपेस कागद आणावयास जाल, तेव्हां मलाही न्या." आम्हीं आनंदानें होकार दिला. वाचकहो, दूरची राजधानी अवश्य पाहावी. परंतु निघण्यापूर्वीं आपल्या तालुक्याच्या वाटेवर एखादें वत्सगुल्म पडलेलें नाहीं ना, एवढें मुलांसह पाहून घ्यावें.