संग्रह, उपक्रम आणि नोंद

विद्यापीठीय ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात संग्रह आणि उपक्रम यांची प्रकरणे वेगळी असतात. ग्रंथखरेदी, दाखल नोंद, वर्गीकरण आणि तालिकीकरण ही मूळची कामे, तर ग्रंथप्रदर्शने, कार्यशाळा आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प ही त्यांच्यावरची जोड, असा समज या विभागणीतून दृढ होतो. प्रत्यक्षात चांगला उपक्रम हे ग्रंथवर्णनाचेच काम असते. तालिकेला, म्हणजे ग्रंथालयातील ग्रंथांच्या पद्धतशीर सूचीला, जे सांगता आलेले नसते ते उपक्रमातून पुढे येते आणि ते पुन्हा तालिकेत नोंदले गेले तरच उपक्रम पूर्ण झाला असे म्हणता येते.

या विचाराचा पाया शियाळी रामामृत रंगनाथन यांनी घातलेला आहे. गणिताचे अध्यापन करणारे रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकते. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाऊन स्वतः ग्रंथ हाताळण्याची मोकळीक, तसेच फडताळावरील मांडणी, तालिका, संदर्भसेवा आणि प्रसिद्धी या साधनांचा विचार त्यांनी याच सूत्राच्या विवेचनात एकत्र केला. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो, तेव्हा मांडलेल्या प्रदर्शनांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

हस्तलिखित पोथ्यांचे प्रदर्शन हे याचे उत्तम उदाहरण आहे. पोथीला मुखपृष्ठ नसते. कर्ता, लेखनिक, स्थळ आणि काळ यांची माहिती बहुधा शेवटच्या पानावरील पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, मिळते. जुन्या नोंदवहीत अशा पोथीसमोर पुष्कळदा केवळ नाव आणि पत्रसंख्या असते. प्रदर्शनासाठी परिचयपट्टी लिहायची वेळ येते, तेव्हा पुष्पिका प्रथमच अक्षरशः वाचली जाते आणि कालनिर्णयाचा प्रश्न उभा राहतो. शके १७५३ असे लिहिलेले असल्यास त्यात ७८ मिळवून १८३१ हे वर्ष काढले जाते, परंतु तिथी माघातील किंवा फाल्गुनातील असेल तर इसवी सनाचे वर्ष बदललेले असते आणि ७९ मिळवून १८३२ धरावे लागते. सोबत संवत्सराचे नाव दिलेले असेल, तर साठ नावांच्या चक्रात ते शकाशी जुळते की नाही हे पडताळता येते. शके १७५३ चे संवत्सर खर आहे, आणि दुसरेच नाव आढळल्यास लेखनिकाची चूक किंवा आकड्याचे चुकीचे वाचन संभवते. चार ओळींच्या परिचयपट्टीमागे एवढे काम असते. प्रदर्शन आवरताना ती पट्टी टाकून दिली, तर हे सारे काम पुढच्या अभ्यासकाला पहिल्यापासून करावे लागते.

अभ्यासकांकडून आलेल्या संग्रहांना हाच न्याय लागू होतो. पोर्तुगेज-मराठे संबंधांचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. अशा संग्रहातील ग्रंथ वर्गांकानुसार सर्वसाधारण कपाटांत विखुरले, तर प्रत्येक ग्रंथ सापडतो, पण कोणते ग्रंथ एका अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचले हे कळण्याचा मार्ग बंद होतो. समासातील टिपणे, पूर्वीच्या मालकांचे शिक्के आणि अर्पणाच्या ओळी यांवर विद्यार्थ्यांचा प्रकल्प आखता येतो, आणि त्याचे फलित त्या त्या ग्रंथाच्या नोंदीत टीप म्हणून उतरवले, तर एका अभ्यासकाची वाचनपद्धती पुढील पिढ्यांना अभ्यासता येते.

सर्जनशील प्रकल्पांपैकी मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावरील मुद्रितशोधन विशेष फलदायी आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क साधारणतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ती मुदत संपलेले ग्रंथ स्कॅन करून त्यांचा मजकूर विद्यार्थ्यांकडून मुळाबरहुकूम तपासून घेता येतो. हे काम करताना विद्यार्थ्याला मराठी लेखनाचा इतिहास डोळ्यांसमोर दिसतो, कारण मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम रूढ होण्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी रूपे अनुस्वारांसह छापलेली आढळतात. ती बदलणे म्हणजे मूळ पुरावा पुसणे होय, आणि बदलली नाहीत तर आजचे रूप टंकून शोधणाऱ्या वाचकाला जुना ग्रंथ संगणकीय तालिकेत दिसतच नाही. म्हणून शीर्षक मुळाप्रमाणे ठेवून आजच्या लेखनातील रूपाची जोडनोंद देणे आवश्यक ठरते, आणि अशा जोडनोंदींची यादी त्या मुद्रितशोधनातूनच आपोआप तयार होते.

या सर्व कामांना वेळ लागतो आणि तो ग्रंथालयाच्या कार्यभारात अधिकृतपणे धरला गेला पाहिजे. उपस्थितांची संख्या आणि छायाचित्रे यांवरून उपक्रमाचे मोल ठरवण्याऐवजी त्यातून किती नोंदी सुधारल्या, किती पुष्पिका वाचल्या गेल्या आणि किती जोडनोंदी वाढल्या याचा हिशेब अहवालात आला, तर उपक्रमांची निवडही अधिक विचारपूर्वक होईल. ज्या विद्यार्थ्याने पुष्पिका वाचली किंवा मुद्रिते तपासली त्याचे नाव त्या नोंदीत द्यावे, कारण ते संशोधनच आहे, आणि विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याच्या हातून झालेल्या संशोधनाला आपल्याच ग्रंथालयाच्या तालिकेत कायमची जागा देणे हे कर्तव्यच आहे.