खटका

आमच्या जुन्या घरात दिव्याच्या बटणाला खटकाच म्हणत. काळ्या बेकलाइटचा, गोल, मधोमध बोंडासारखी दांडी. ती खाली ओढली की दिवा लागे.

सातवीत असताना बाबांनी एक बिघडलेला खटका उघडून माझ्या तळहातावर ठेवला. आत करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग. "दांडी अगदी हळू सरकव," म्हणाले. मध्यापर्यंत स्प्रिंग आवळत गेली आणि मध्य ओलांडताक्षणी उरलेलं काम तिनंच उरकलं. खट्! आतल्या पट्ट्या सावकाश सुटल्या तर त्यांच्यामध्ये ठिणगी रेंगाळते, पट्ट्या जळतात. म्हणून तोडणं बोटाच्या वेगावर सोडायचं नाही. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सनं १८८४ मध्ये झटक्यात तुटणाऱ्या खटक्याची युक्ती काढली. मला ती आजही फार शहाणपणाची वाटते.

पुढे गाणं शिकताना बाई म्हणाल्या, "इथे खटका हवा, तू घसरतेयस." शेजारचे स्वर झटकन घेऊन मूळ सुरावर यायचं. तळहातावरची स्प्रिंग आठवली आणि ती जागा गळ्यात बसली. घरात खटके उडायचे तेही असेच. आधी बराच वेळ काहीतरी आवळत गेलेलं असे.

आता मोबाइलवर टॉगल आलं. शब्द मूळचा जहाजावरचा, दोराच्या फासात आडवी अडकवायची लाकडी खुंटी. पडद्यावरचा ठिपका मात्र नुसता सरकतो. बोटाला काही कळत नाही, डोळ्यांनी खात्री करावी लागते. मला ते आवडत नाही.

मुलगा प्रोग्रॅमिंग करतो. तो म्हणाला, "आई, आमच्यात टॉगल म्हणजे चालू नाही आणि बंदही नाही. जे असेल त्याच्या उलट कर, एवढाच हुकूम. दोनदा दिला तर जैसे थे."

म्हणजे आमचा जिनाच की! तिथे एका दिव्याला दोन खटके होते, एक खाली, एक वर. लहानपणी मी विचारलं होतं, यातली चालूची बाजू कुठली? बाबा म्हणाले होते, "ते दुसऱ्या खटक्याला विचार."

रात्री मी पाणी प्यायला उठले की चाहूल लागून तेही उठत. मी खालून खटका ओढायची, ते वरून, एकाच वेळी. दिवा लागायचाच नाही. मग अंधारात दोघंही म्हणायचो, "थांब, मी लावतो." "थांबा, मी लावते."