मागच्या निऱ्या

आमच्या कन्येचा विवाह एडिंबरा येथे ठरला आणि उतारवयात आमच्यावर किल्ट शिवायला टाकण्याची वेळ आली. जावई स्कॉटिश, व्याही स्कॉटिश. लग्नात पुरुषमंडळी किल्टमध्ये असणार हे उघडच होते. "बाबा, तुम्हीही नेसा ना," असे कन्या म्हणाली. किल्ट घालायचा की नेसायचा, या भाषिक प्रश्नाचा निकाल तिने असा सहज लावून टाकला.

कापडाची निवड आम्हांस अवघड वाटली होती, ती सोपी निघाली. टार्टन कुळांची असतात तशी जिल्ह्यांची आणि शहरांचीही असतात. ज्या शहरात आमची सव्वीस वर्षे गेली त्याचे टार्टन नेसायला कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. खरा पेच पुढे आला. मापे घेऊन झाल्यावर किल्ट शिवणाऱ्या बाईंनी विचारले, "मागच्या चुण्या सेटवर घालू की रेघेवर?"

किल्टचा पुढचा भाग सपाट असतो. सगळ्या चुण्या मागे. पूर्ण किल्टला साधारण आठ वार कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे चार वार घ्यायचे, लांबीत मधोमध कापायचे आणि दोन पट्टे एकापुढे एक जोडायचे. जोड एखाद्या चुणीच्या पोटात लपवायचा. आमच्या सौ. हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या लुगड्याला एकच वार कमी."

'सेट' म्हणजे टार्टनमधल्या रंगीत रेघांचा एक पूर्ण क्रम, जो कापडभर पुन्हापुन्हा येतो. सेटवर चुण्या घालायच्या म्हणजे प्रत्येक चुणीची दर्शनी पट्टी अशी निवडायची की शेजारच्या पट्टीशी नक्षी जुळावी. मग आठ वारांची घडी पडूनही पाठ पाहणाऱ्याला अखंड कापडच दिसते. रेघेवर घालायच्या म्हणजे एकच रेघ प्रत्येक चुणीच्या मधोमध आणायची. बाईंनी गॉर्डन टार्टनचा तुकडा घेऊन बोटांनी घड्या घातल्या. निळ्या, हिरव्या, काळ्या कापडावर पिवळ्या रेघांची उभी रांग लागली. घडी हलवली की आत गेलेला रंग क्षणभर बाहेर डोकावे. "ही पलटणींची पद्धत," बाई म्हणाल्या. गॉर्डन हायलँडर्स या पिवळ्या रेघेवरच चुण्या घालीत.

व्याह्यांनी रेघेची शिफारस केली. त्यांचे आजोबा हायलँड पलटणीत होते, आणि त्यांचा रेघेवर शिवलेला किल्ट घरात अजून जपून ठेवला आहे. लग्नात ते तोच नेसणार आहेत. आपण दोघे सारखे दिसू, असा त्यांचा प्रेमळ आग्रह होता.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्या सैन्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँड पलटणी होत्या. बालपणी त्या शिवारात आम्ही बोरे खात हिंडलो आहोत. तेव्हा पलटणीची घडी आमच्या अंगावर नको, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

परंतु ही भूमिका फार काळ टिकली नाही. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या सामान्य पुरुषांना हा पोशाख करण्यास बंदी झाली. ती १७८२ साली उठली. मधल्या छत्तीस वर्षांत सरकारी पलटणींतल्या शिपायांना मात्र मुभा होती. म्हणजे जो पोशाख गावांतून हद्दपार झाला, तो बऱ्याच अंशी शिपायाच्या अंगावर तगला. इतिहासाचा विटाळ मानायचा तर मग घडीचाच का, सबंध किल्टचाच मानावा लागेल. ते आम्हांस करायचे नव्हते.

कारण शेवटी दुसरीकडेच सापडले. आमच्या मातोश्री लुगडे नेसून झाल्या की कोणाला तरी मागे उभे करीत आणि कासोट्याचा काठ सरळ आहे ना ते बघायला लावीत. "मागचं आपल्याला दिसत नाही, म्हणून तेच आधी नीट पाहिजे," असे त्या म्हणत. पुष्कळदा बघण्याचे काम आमच्याकडे असे. नक्षी कोठे मोडली आहे का, हेच शोधायला आमचा डोळा तेव्हापासून शिकला आहे. सेटवर घातलेल्या घड्या पाहताच तो डोळा निवला; रेघेच्या रांगेपाशी, ती कितीही देखणी असली तरी, अडखळत राहिला. आम्ही सेट सांगितला. बाईंनी वहीत नोंद केली.

व्याह्यांना नकार कळवताना मातोश्रींचे कारण सांगून सुटता आले असते. आम्ही असईचेही सांगितले. ज्या घरात मुलगी द्यायची तेथे अर्धेच बोलणे आम्हांस बरे वाटेना. ते बराच वेळ गप्प राहिले. असईचे नाव त्यांना ठाऊक होते, परंतु पलटणीच्या निशाणावर विणलेली अक्षरे म्हणूनच. त्या नावाच्या गावी माणसे राहतात, शेते आहेत, हे कधी मनात आले नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तुमच्या घरापासून किती लांब?"

किल्ट हाती यायला अजून काही आठवडे आहेत. जालन्याला जायचे तर कोणता महिना बरा, असे व्याह्यांनी काल पुन्हा विचारले. दिवाळी झाल्यावर यावे, असे आम्ही सांगितले आहे.