सोलापूरला एक दिवस उतरून पाहा

मैत्रिणींनो, सोलापूरला गेला आहात का तुम्ही? हा प्रश्न मी आमच्या भिशीत विचारला, तेव्हा जवळजवळ सगळ्याच जणींनी हात वर केले. पण "सोलापुरात पाहिलंत काय?" असे विचारल्यावर ज्या त्या एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी अक्कलकोटला जाताना सोलापूरला उतरलेली, कुणी तुळजापूरची एसटी तिथून धरलेली, कुणी पंढरपूरहून येताना स्टँडवर चहा घेतलेला. सोलापूर म्हणजे देवाच्या वाटेवरचा थांबा, एवढीच आमची सगळ्यांची ओळख.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी अशाच निघालो होतो. मी, माझी धाकटी जाऊ, शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई आणि बँकेत कॅशियर असलेली आमची मैत्रीण. अक्कलकोट झाले, तुळजापूर झाले आणि परतीच्या गाडीला एक अख्खा दिवस उरला. जाऊबाई म्हणाली, "लॉजवर झोपून काढू या." तेव्हा कॅशियरबाई हळूच म्हणाली, "माझं माहेर आहे हे. चला, दाखवते."

तिचे माहेर सोलापूरचे, हे आम्हाला माहीत होते. वीस वर्षांच्या मैत्रीत त्यापलीकडे मात्र ती कधी एक शब्द बोललेली नव्हती.

सकाळी रिक्षाने आधी सिद्धेश्वराला गेलो. शहराच्या मध्यावर केवढे तरी तळे आणि त्या पाण्यात बसवल्यासारखे देऊळ! बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी लोकांना हाताशी धरून हे तळे खोदवले, असे सांगतात. त्यांची समाधी इथेच आहे. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत, आणि देवळात दर्शनाला आलेली माणसे मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत बोलत होती. तुम्ही जानेवारीत गेलात तर संक्रांतीची गड्ड्याची जत्रा सापडेल. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितले, अशी कथा आहे. त्या लग्नाच्या अक्षता आजही दरवर्षी पडतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात उंच नंदीध्वज पेलत मिरवणुकीने येतात आणि सगळे गाव वऱ्हाडी होते. आम्ही गेलो तेव्हा जत्रेला अवकाश होता, पण गल्ल्यांतून काठ्या पेलायचा सराव सुरू झालेला होता.

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. आत आता बाग आहे. किल्ला म्हटले की आपल्याला लढाया आठवतात, पण आमच्या बाई इतिहासाच्या. त्यांनी तटाच्या सावलीत बसवून आम्हाला सांगितले ते ऐकून जाऊबाईने कपाळाला हात लावला. हा किल्ला चक्क लग्नाच्या देण्याघेण्यातला! 1524 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न याच सोलापुरात झाले. आंदण म्हणून सोलापूर द्यायचे ठरले होते म्हणे, पण ते हाती पडले नाही आणि व्याह्याव्याह्यांत लढाया जुंपल्या. पुढे 1564 साली निजामशहाची मुलगी चांदबीबी आदिलशहाच्या घरी गेली, तेव्हा हा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. तीच चांदबीबी पुढे अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांशी लढली. "म्हणजे किल्ल्यांसाठीसुद्धा मुलींचाच सौदा," जाऊबाई म्हणाली. यावर बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

तिथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. पुण्याहून ज्या 'हुतात्मा' गाडीने आपण येतो, तिच्या नावातले हुतात्मे ते हेच. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर असे काही पेटले, की काही दिवस इंग्रजांचा अंमल इथे उरलाच नाही. मग सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. नावे एकदा सावकाश वाचा, मैत्रिणींनो. हे चौघे चार जातीधर्मांच्या घरांतले.

भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक आहे, तेही चुकवू नका. चीनमधल्या जखमी सैनिकांची सेवा करायला 1938 साली भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यातले हे आपले सोलापूरचे. तिथेच त्यांनी लग्न केले, मुलगा झाला, आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांनी देह ठेवला. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. मला मात्र तिथे त्यांच्या आईची आठवण होत राहिली. आगबोटीवर चढलेला मुलगा तिला पुन्हा दिसला नाही.

आता जेवणाचे सांगते, कारण आपण बायका गावाची पारख जेवणावरूनच करतो. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. बस्स! कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत. नीट वाळवून ठेवली की बरेच दिवस टिकते. ज्वारी जिल्ह्यातलीच, मंगळवेढ्याची मालदांडी. शेंगाची चटणी मात्र मिक्सरमध्ये केली की तिचा नुसता कोरडा भुगा होतो. खानावळीतल्या मावशींनी सांगितलेली रीत अशी: शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सोला, त्यात लसूण, तिखट, जिरे, मीठ घाला आणि उखळात कुटा. दाण्याला तेल सुटून चटणी ओलसर दिसू लागली की झाली. खलबत्त्यात थोडी थोडी करूनही छान जमते. मी घरी येऊन केली आहे, म्हणून खात्रीने सांगते.

दुपारी कॅशियरबाई आम्हाला पूर्व भागात घेऊन गेली. इथून पुढचे तिचे सोलापूर. दुकानांवरच्या पाट्या मराठी, पण ओट्यावरची बोली तेलुगू. तेलंगणातून विणकर पद्मशाली मंडळी इथे आली आणि मागाभोवती त्यांची वस्ती वाढली. तिकडे मोठमोठ्या कापडगिरण्या होत्या. पहिली तर 1870 च्या दशकातली, म्हणून तिचे नाव 'जुनी मिल'च पडले. एकेकाळी हे गाव गिरणीच्या भोंग्यावर उठायचे आणि भोंग्यावर जेवायचे. आज त्यातला एकही भोंगा वाजत नाही.

एका कारखान्यात आम्हाला माग बघू दिले. आवाज एवढा की शेजारणीचे बोलणे ऐकू येईना. मागाच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. याला जॅकार्ड म्हणतात. पुठ्ठ्यात जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो आणि धोटा खालून निघतो. अशा हजारो उचलण्यांतून चादरीवर मोर उमटतो. आणि गंमत पाहा, या चादरीला उलट-सुलट नाही. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. बाळंतिणीच्या खोलीपासून वऱ्हाडाच्या बैठकीपर्यंत जन्मभर ही चादर आपण अंथरली आणि पांघरली, पण ती उलटून कधी पाहिली का? मी तरी नव्हती पाहिली.

सोलापुरी चादरीला 2005-06 साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव फक्त इथल्याच मालाला लावायचे. पण बाजारात बाहेरचा, हलक्या कृत्रिम धाग्याचा माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास खपतो. तो स्वस्त पडतो, वाळतोही लवकर. त्यामुळे इथल्या कितीतरी मागांवर आता चादरीऐवजी टॉवेल निघतात. एक चादर घेताना आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा हेही ध्यानात असावे.

कारखान्यामागच्या गल्लीत घराघराच्या उंबऱ्यात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, चिमूटभर तंबाखू घालायची, गुंडाळायचे, टोक मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे सकाळपासून दिवे लागेपर्यंत मान वर नाही. नाकातोंडात तंबाखूची धूळ, आणि पायाशी पोर खेळत असते.

एका म्हाताऱ्या बाईंपाशी कॅशियरबाई थांबली. "अक्का" म्हणून हाक मारून तेलुगूत काहीतरी बोलली आणि सरळ जमिनीवर बसली. इस्त्रीची साडी, हातात घड्याळ. अक्कांनी हसून सूप तिच्याकडे सरकवले. तिने पान उचलले, आणि बघता बघता तिची बोटे चालू लागली! पहिली विडी सैल झाली, दुसरी जरा बरी, तिसरी अक्कांच्या विडीशेजारी ठेवली तर ओळखू येईना.

आम्ही तिघी गप्प उभ्या.

मान वर न करताच ती म्हणाली, "वडील मिलमध्ये होते. मिल कधी चालू, कधी बंद. घर चालायचं ते आईच्या सुपावर. शाळेतून आल्यावर मी दोनशे वळायची, मग अभ्यास. लग्न ठरलं तेव्हा आईच म्हणाली, सासरी हे सांगू नकोस. नोटा मोजताना बँकेतले म्हणायचे, तुझा हात काय चालतो गं! मी हसायची."

"अगं, आम्हाला तरी सांगायचंस," बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते."

तिची आई गेली त्याला बरीच वर्षे झाली. आईला हे ऐकवायचे राहून गेले, एवढेच ती पुढे म्हणाली.

निघताना अक्कांनी आम्हाला चहा पाजला. त्यांची सून कुंभारीच्या घरकुलात राहते म्हणाल्या. विडी कामगार बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरे उभी राहिली, ती 2006 साली. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचे. नंतर तिथेच रे नगरात तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. सुपावर संसार केलेल्या बाईच्या नावावर चार भिंती होणे ही साधी गोष्ट नाही. "पण विडीची मागणी घटत चालली, माझ्या नातीनं काय वळायचं?" हा अक्कांचा प्रश्न होता. तंबाखू वाईट, हे आपण सगळ्या जाणतो. पण या हातांना दुसरे काम कुठले, याचे उत्तर आमच्यापैकी एकीलाही देता आले नाही.

संध्याकाळी पार्क चौपाटीवर भेळ खाल्ली आणि खरेदीला गेलो. कॅशियरबाईने एकच चादर घेतली, मोराची. "आईकडे हीच होती," म्हणाली. परतीच्या गाडीत थंडी वाजू लागली तेव्हा तीच चादर आम्ही चौघींनी गुडघ्यांवर घेतली आणि पहिल्यांदाच तिला विचारत गेलो: घर कुठे होते, शाळा कुठली, आई कशी होती. पुणे कधी आले ते कळले नाही.

तुम्ही जाल तर थोडे व्यवहाराचे लक्षात ठेवा. सोलापूरचा उन्हाळा कडक असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. अक्कलकोट सुमारे चाळीस, तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, तेव्हा दोन देवांच्या मध्ये एक दिवस सोलापूरला ठेवा. चादर घेताना ती उलटून बघा, दोन्ही बाजूंना नक्षी स्वच्छ हवी आणि रंग अदलाबदल झालेले हवेत. कडेचा एखादा धागा मागून घेऊन घरी जाळून पाहा. सुती असेल तर कागदासारखा वास येऊन मऊ राख होईल, कृत्रिम असेल तर वितळून टणक मणी होईल. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात करा आणि चादर सावलीत वाळवा.

आणि हो, बरोबरच्या मैत्रिणींपैकी कुणाचे माहेर तिथले असेल, तर तिला पुढे चालू द्या.