भाईजानचा फॉक्सप्रो

आमच्या वाणगावात मिरची आणि चिकूचा व्यापार चालतो. कुणाचा किती माल आला, उचल किती घेतली, बाकी किती, हे काही व्यापारी आजही आमच्या भाईजानने लिहिलेल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्राममध्ये पाहतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या बी.एड.ची फी याच कमाईतून भरली गेली. म्हणून 'फॉक्सप्रो मेला' असं कुणी म्हटलं, की घरातल्या माणसाबद्दल ऐकल्यासारखं वाटतं.

पण खरं ते खरं. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली. दहावी निघणार नाही, हे मार्च २००७ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने उरलासुरला आधारही काढून घेतला. त्यात एका टेबलाची फाईल दोन जीबीपुढे वाढत नाही. युनिकोडही नाही. शाळेचा पट त्यात भरला तेव्हा मुलांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागली. साबिरचा साद आणि साजिदचा सीन एकाच 'एस'मध्ये बुडाले.

भाईजान म्हणायचा, "नवं काम येत नाही, पण जुन्याची दुरुस्ती कुठे थांबते? बाजार आहे अजून." मग आम्हालाच चिडवायचा, "तुमच्या उर्दूलाही लोक हेच विचारतात ना, बाजार काय म्हणून?"

आम्ही यावर बरेच दिवस विचार केला. भाषेला मालक नसतो. बाजार बसला तरी बोलणारे तिला चालवतात. फॉक्सप्रोचा गाभा मात्र कंपनीच्या कुलपात आहे. भाईजानने कितीही जीव लावला तरी तो दुरुस्त करता येत नाही. एका रात्री आम्ही विचारलं, "तुला काही झालं, तर या लोकांची बाकी कोण वाचणार?" तो काहीच बोलला नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यानेच वही काढली. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस एसक्यूएल शिकायला बसला. जुन्या डीबीएफ फायली नव्या डेटाबेसमध्ये उतरल्या. एकेक बेरीज आम्ही दोघांनी ताडून पाहिली. व्यापाऱ्याने एवढंच विचारलं, "बाकी तीच आहे ना?"

तीच होती. नंतर शाळेचा पट घेतला. पहिलं नाव भाईजानने उर्दूत टाईप केलं, सादने.